गोव्याचा नागरी कायदा आणि आपल्या घराचा उतारा

गेल्या उन्हाळी सुट्टीत आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेच्या कार्यालयात आली. पाचवीपासून दहावीपर्यंत ती आमच्याच वसतिगृहात राहिलेली. तिच्या हातात स्टँपपेपरवर टंकलिखित केलेले हक्कसोडपत्र होते. वडिलांच्या निधनाला तीन महिने झाले होते आणि भावांनी त्यावर सही करण्यास सांगितले होते. आईचा अंगठा आधीच उमटलेला होता. ती म्हणाली, "सर, सही करायला माझी हरकत नाही, पण मी काय सोडते आहे, ते आधी मला समजावून सांगा." मग थोडे थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला. तिचे यजमान नोकरीनिमित्त गोव्यात असतात. तेथील शेजारीण तिला म्हणाली होती की, आमच्याकडे बापालाही मुलीचा वाटा काढून घेता येत नाही. "हे खरे आहे का?"

त्या दिवशी आम्ही तिला जे सांगितले, तेच या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर थोड्या विस्ताराने ठेवीत आहोत.

पोर्तुगालचा कायदा गोव्यात कसा?

शेजारणीचे म्हणणे बहुतांशी खरे होते. ते समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

गोवा १५१० साली पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला. पुढे १८६७ साली पोर्तुगालने आपली नागरी संहिता मंजूर केली. सेआब्रा या विधिज्ञाने तिचा मसुदा तयार केला होता आणि तिच्यात अडीच हजारांहून अधिक कलमे होती. युरोपातील फ्रान्स, पोर्तुगाल, इटली या देशांची न्यायपद्धती रोमन कायद्याच्या परंपरेतील आहे. जन्म, विवाह, मालमत्ता, करार आणि वारसा यांचे नियम एकाच ग्रंथात क्रमवार लिहून काढायचे आणि सर्व नागरिकांना तेच लागू करायचे, ही त्या पद्धतीची रीत होय. हीच संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यातही लागू झाली.

ब्रिटिश हिंदुस्थानात याच्या उलट घडले. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने विवाह आणि वारसा यांबाबत हिंदूंना शास्त्रांप्रमाणे व मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यावा, असे धोरण घातले. त्यामुळे आपल्याकडे व्यक्तिगत कायदे धर्मागणिक वेगळे राहिले. सावंतवाडीतील कुटुंबाला एक कायदा आणि पलीकडच्या पेडण्यातील कुटुंबाला दुसरा, असा भेद निर्माण झाला तो असा.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने तेथील प्रचलित कायदे, सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत, चालू ठेवले. पुढे खुद्द पोर्तुगालने १९६७ पासून नवी संहिता स्वीकारली. ज्या देशात ही संहिता जन्मली तेथे ती इतिहासजमा झाली, गोव्यात मात्र ती टिकली. वारसा, नोटरी आणि वाटणी यांविषयीचा तिचा भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्याने घेतला आहे. तो २०१६ पासून अमलात आहे. परंतु त्याचा गाभा जुन्या संहितेचाच आहे.

रोजच्या जीवनात हा कायदा काय करतो?

प्रथम विवाह. गोव्यात विवाहाची नोंदणी ऐच्छिक नाही. वधू-वरांनी नागरी निबंधकापुढे जाऊन विवाहाचा इरादा जाहीर करावयाचा, आणि ठरावीक मुदतीनंतर साक्षीदारांसह पुन्हा येऊन नोंदवहीत सह्या करावयाच्या. धार्मिक विधी आपापल्या पद्धतीने होतात. जी स्त्री विवाहित आहे तिच्याजवळ त्याचा सरकारी पुरावा असतोच. नवऱ्याने टाकून दिलेल्या किती तरी स्त्रियांना आपला विवाह सिद्ध करण्यातच वर्षे घालवावी लागतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. विवाहापूर्वी पती-पत्नींनी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल, तर विवाहाबरोबर दोघांची सारी मालमत्ता एकत्र होते आणि प्रत्येकजण तिच्या निम्म्या भागाचा मालक ठरतो. लग्नापूर्वीची, लग्नानंतरची, वारशाने आलेली, सर्व. घर कोणाच्या पगारातून बांधले, हा प्रश्न उरत नाही. यामुळे नवऱ्याला एकट्याच्या सहीने घर किंवा जमीन विकता येत नाही. पत्नीची संमती घ्यावीच लागते.

तिसरी गोष्ट वारशाची. मुले असलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने स्वतःच्या वाट्यापैकी फक्त निम्मे कोणालाही देता येते. उरलेले निम्मे मुलांसाठी राखीव असते, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. कायद्याने सांगितलेल्या मोजक्या गंभीर कारणांवाचून तो हिस्सा काढून घेता येत नाही. जिवंतपणी बक्षीसपत्र करून एकालाच सारे दिले, तर वाटणीच्या वेळी तेही हिशेबात धरले जाते.

एक उदाहरण घेऊ. पतीच्या नावावर ३६ लाख रुपयांची मालमत्ता आहे. पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी मागे ठेवून तो वारला. गोव्याच्या कायद्यात प्रथम १८ लाखांची मालमत्ता पत्नीची म्हणून बाजूला निघते. ती तिला वारसा म्हणून मिळत नाही, कारण ती तिचीच होती. उरलेल्या १८ लाखांत तीन मुलांना प्रत्येकी ६ लाख. पतीने मृत्युपत्र करून सारे थोरल्या मुलाला दिले असले, तरी ९ लाख राखीवच राहतात आणि मुलीच्या पदरी किमान ३ लाख पडतात.

हा कायदा मूळच्या गोवेकरांना लागू होतो. गोव्यात फ्लॅट घेतल्याने नाशिककर त्याच्या कक्षेत येत नाही. उलट मूळ गोवेकराची मालमत्ता मुंबईत असली, तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला.

आपल्याकडे काय आहे?

आता तेच कुटुंब नाशिकमध्ये आहे असे समजू. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहेत. पतीची मालमत्ता स्वकष्टार्जित असेल, त्याची आई हयात नसेल आणि त्याने मृत्युपत्र केले नसेल, तर पत्नी आणि तीन मुले यांना प्रत्येकी ९ लाख, म्हणजे समान चौथा हिस्सा. मुलीचा हा हिस्सा १९५६ पासूनचा आहे. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि संसदेने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशासाठी, मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला.

मग फरक कोठे? दोन ठिकाणी. पती हयात असेपर्यंत त्याच्या नावावरील घरात आपल्या कायद्याने पत्नीची मालकी नसते. आणि मृत्युपत्राने तो आपली सारी मालमत्ता एकालाच देऊ शकतो. पत्नीला पोटगीचा दावा करता येतो, मालकीचा नाही.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण अपरिहार्य आहे. मुलीला वाटा, स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी आणि घटस्फोटाचा अधिकार या हिंदू कोड बिलातील मुख्य तरतुदी होत्या. ते बिल रखडले, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. आज आपल्या लेकी ज्या कलमांच्या आधारे वाटा मागू शकतात, ती पुढे त्याच बिलाचे तुकडे करून मंजूर झालेली आहेत. हक्कसोडपत्रावरील सही म्हणजे केवळ भावावरील माया नव्हे. एका मोठ्या संघर्षाने मिळालेली वस्तूही त्या सहीबरोबर जाते.

गोव्याचा कायदा निर्दोष आहे काय?

नाही. आपल्याकडे नसलेली वस्तू दुरून सोज्ज्वळ दिसते, म्हणून तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या संहितेने मालकी दोघांची केली. पण संसाराच्या मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती ठेवला. गोव्यातील हिंदूंच्या रूढींसाठी १८८० मध्ये वेगळी संहिता निघाली. पत्नीला विशिष्ट वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही, तर पतीला दुसऱ्या विवाहाची सवलत तिच्यात ठेवलेली होती. कॅथलिक विवाहांच्या बाबतीत धर्मपीठाचे वेगळे नियम मानले गेले. गावच्या सामाईक जमिनीवरील गावकरीचा हक्कही परंपरेने पुरुषवंशानेच चालत आला. सर्वांना एक कायदा असे म्हटले, तरी त्याच्या पोटात असे कोपरे राहतातच. आणि हिस्सा राखीव असूनही, वडिलांच्या पश्चात माहेर तुटू नये म्हणून त्याग करणाऱ्या लेकी तेथेही आहेतच.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४४ मध्ये समान नागरी संहितेचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्या चर्चेत गोव्याचे नाव नेहमी निघते. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. आमच्या मते गोव्यापासून घेण्याजोगा धडा अधिक साधा आहे. संसार दोघांनी केला तर घर दोघांचे, आणि लेकरे सारखी तर वाटा सारखा. तेथे हे कायदा करवून घेतो. येथे ते आपण स्वेच्छेने करू शकतो, आणि त्याला कोणाची मनाई नाही.

मग आपण काय करावे?

आपल्याच जिल्ह्यात, चांदवड येथे, १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे विशाल अधिवेशन भरले होते. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. त्यांच्यावर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती.

प्रत्येक वाचकाने आज घरी गेल्यावर सात-बारा उतारा किंवा मिळकत पत्रिका काढून पाहावी. तीवर कोणाकोणाची नावे आहेत? नवे घर घेताना दोघांची नावे लावावीत. घरातील कर्ता वारल्यावर वारसनोंद करताना आई, पत्नी आणि मुली यांची नावे गाळू नयेत. हक्कसोडपत्र एकदा नोंदले गेले की ते सहसा मागे घेता येत नाही. म्हणून ते वाचल्यावाचून, आणि मालमत्तेचा तपशील व किंमत समजल्यावाचून, कोणीही त्यावर सही किंवा अंगठा करू नये. समजून-उमजून हक्क सोडणे हा दानाचा भाग आहे. न समजता सोडणे हे दान नव्हे.

आमच्या शाळेची मुले दरवर्षी त्रिरश्मी लेण्यांवर जातात. तेथे गौतमी बलश्रीने भिक्खुसंघाला दिलेल्या लेण्याचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेव ठेवणारी उपासिका विष्णुदत्ता हिचाही लेख आहे. या स्त्रियांची नावे दगडावर कोरली गेली, कारण देण्यासारखे काही त्यांच्या हाती होते. जिच्या हाती काही नाही, तिला दानही करता येत नाही.

त्या विद्यार्थिनीने त्या दिवशी सही केली नाही, आणि भावांशी भांडणही केले नाही. आईच्या अंगठ्याचा तो कागद तिने घडी करून पिशवीत ठेवला. आधी आईचे नाव उताऱ्यावर लावू, मग आपण सारे बसून बोलू, एवढेच तिने भावांना सांगितले. भावांनी ते मानले. त्यांतील धाकटा भाऊही आमचाच विद्यार्थी आहे, हे येथे नमूद करताना आम्हांला समाधान वाटते.