दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलाचे वय व वजन



जुलैची आडसाली आणि जानेवारीची सुरू लागण शेजारी उभी केली, तर सुरूचा ऊस मागे पडला असे कुणी म्हणत नाही. आपण आधी लागणीची तारीख विचारतो. पोराच्या बाबतीत मात्र हाच हिशेब आपण विसरतो.

पूर्ण दिवसांचे बाळंतपण ४० आठवड्यांचे धरतात. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे. ते जितके आठवडे लवकर आले, तितके वयातून वजा करावेत आणि मगच वजन-उंची तक्त्याशी ताडून पाहावी. ३२ आठवड्यांचे जन्मलेले बाळ ८ आठवडे आधी आलेले असते. ते ६ महिन्यांचे झाले, तरी तक्त्यावर सुमारे ४ महिन्यांचे समजावे. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवावा. लसीची तारीख मात्र जन्मतारखेवरूनच धरावी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर.

हिशेब चुकला की घरात बोलणी सुरू होतात, "पोर वाळतंय, अंगावरचं दूध पुरत नाही." मग आईचे दूध तोडून बाटली येते, बाटलीबरोबर जुलाब येतात आणि असलेले वजनही जाते.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळातील २ किलोपेक्षा कमी वजनाची बाळे डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १८ वर्षांची होईपर्यंत तपासली. दिवसही अपुरे आणि त्या दिवसांच्या मानानेही वजन कमी, अशी मुले सर्वांत खुजी राहिली. त्यांच्याकडे लक्ष अधिक हवे.

पण घाईने अंग भरवणेही बरे नव्हे. त्याच रुग्णालयात डॉ. याज्ञिक व सहकाऱ्यांना १९९९ साली असे दिसले, की जन्मतः हलकी पण आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेली मुले मधुमेहाच्या वाटेवर अधिक होती. म्हणून साखर आपल्याच कारखान्याची असली, तरी दोन वर्षांखालील मुलाच्या दुधात किंवा खिमटीत घालू नये.

तेव्हा एवढे करावे. बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून उबेत ठेवावे. आईचे दूध चालू ठेवावे. दरमहा अंगणवाडीत वजन करावे आणि किती आठवड्यांचे जन्मले ते सेविकेला सांगावे. वजन थांबले किंवा उतरले, तर ऊसतोड, पाणीपाळी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.