शेतकऱ्याचा निर्णय आणि संरचनात्मक समीकरणे

सोयाबीनच्या बियाण्यास पेरणीपूर्वी जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करावी, ही शिफारस आता जुनी झाली आहे. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते व त्यास येणारा खर्चही अल्प असतो. तथापि पुष्कळ शेतकरी ही प्रक्रिया न करताच पेरणी उरकतात. असे का होते, असा प्रश्न बैठकीत निघाला म्हणजे “त्यांना अजून पटलेले नाही” असे उत्तर सहज दिले जाते आणि त्यावर आणखी पत्रके व आणखी व्याख्याने हा उपाय ठरतो. परंतु न पटणे हेच खरे कारण आहे किंवा नाही, हे तपासून पाहता येते. मानसशास्त्रात व निर्णयप्रक्रियेच्या अभ्यासात त्यासाठी संरचनात्मक समीकरण प्रतिमान नावाची पद्धत वापरली जाते. कृषी विस्तारावर संशोधन करणारे विद्यार्थी गावोगाव ज्या प्रश्नावल्या घेऊन येतात, त्यांपैकी काहींच्या मागे हीच पद्धत असते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस तिची ओळख असणे इष्ट आहे.

नाव भारदस्त असले तरी या पद्धतीचे मूळ शेतीखात्यातच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात पशुसंवर्धनाचे संशोधन करणारे सूअल राइट हे गिनीपिगच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांचा अभ्यास करीत होते. हे ठिपके आनुवंशिकतेमुळे किती व परिस्थितीमुळे किती, हे वेगळे काढण्यासाठी त्यांनी कारणांपासून परिणामांकडे जाणारे बाण काढून प्रत्येक बाणास एक गुणांक दिला. ह्या पथ विश्लेषणाची सविस्तर मांडणी त्यांनी १९२१ साली केली. पुढे १९२५ साली मका व डुकरे ह्यांच्या उत्पादनाचा आणि भावांचा परस्परसंबंध त्यांनी ह्याच रीतीने उलगडून दाखविला. मक्याचा भाव पाहून किती माद्या पैदाशीस ठेवावयाच्या हे शेतकरी ठरवितो. तेव्हा तोही एका अर्थी शेतकऱ्याच्या निर्णयाचाच अभ्यास होता. आपल्याकडील कृषी विद्यापीठांत पिकाच्या उत्पन्नावर फुटवे, दाण्यांचे वजन इत्यादी गुणांचा प्रत्यक्ष परिणाम किती व अप्रत्यक्ष किती, हे पाहण्यासाठी वनस्पती-प्रजननाचे अभ्यासक आजही पथ विश्लेषणच करतात.

मानसशास्त्रज्ञांपुढे अडचण निराळी होती. फुटवे मोजता येतात. मत, भरवसा किंवा भीती मोजावयास काठी नाही. अशा डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टीस सुप्त चल असे म्हणतात. जमिनीची सुपीकता जशी थेट दिसत नाही, पण सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश ह्यांच्या आकड्यांवरून तिचा अंदाज येतो, तसाच प्रकार येथे आहे. एकाच मतासंबंधी तीन-चार वेगवेगळे प्रश्न विचारावयाचे, “पूर्ण असहमत” पासून “पूर्ण सहमत” पर्यंत एक ते पाच गुण द्यावयाचे आणि सर्व उत्तरांत जे सामाईक असेल ते मत समजावयाचे. उरलेला भाग मोजणीतील चूक म्हणून बाजूस काढावयाचा. ह्या विचाराचा आरंभ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली बुद्धिमत्तेच्या अभ्यासात केला होता. पथ विश्लेषण व सुप्त चल ह्यांची सांगड घालून संगणकावर सोडविता येईल असे स्वरूप देण्याच्या कामात स्वीडनचे कार्ल योरेस्कॉग यांचा १९७० नंतरच्या दशकात मोठा वाटा होता.

निर्णयाच्या अभ्यासात आइसेक आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धान्त (१९९१) फार वापरला जातो. त्यात तीन सुप्त चल आहेत: त्या कृतीविषयी माणसाचे स्वतःचे मत, घरच्यांची व शेजाऱ्यांची अपेक्षा काय आहे असे त्यास वाटते ते, आणि ती कृती आपल्या आवाक्यातील आहे असा भरवसा. तिन्हींपासून निघणारे बाण इराद्याकडे जातात व इराद्यापासून प्रत्यक्ष कृतीकडे.

आता गुणांकांचा उपयोग पाहू. समजण्यास सोपे जावे म्हणून शेजाऱ्यांचा बाण सोडून देऊ व पुढील आकडे केवळ कल्पित आहेत हे ध्यानात ठेवू. बीजप्रक्रियेविषयी चांगले मत आणि ती करण्याचा इरादा ह्यांत ०.५० इतका सहसंबंध आढळला. एवढ्यावरून मत बदलले की काम झाले, असे कोणासही वाटेल. परंतु ज्यांना पाकीट वेळेवर मिळते, ज्यांच्या घरी बियाणे सावलीत सुकविण्यास जागा व मनुष्यबळ आहे, त्यांचेच मत बहुधा चांगले असते. मत व आवाका ह्यांचा आपसातील सहसंबंध ०.६० निघाला. प्रतिमान सोडविल्यावर मताचा थेट गुणांक ०.२० व आवाक्याचा ०.५० आला. मताच्या ०.५० मधील ०.२० तेवढे त्याचे स्वतःचे, बाकीचे ०.३० (०.६० गुणिले ०.५०) आवाक्याशी असलेल्या सोबतीमुळे आलेले. असे आकडे ज्या तालुक्यात खरोखर येतील तेथे व्याख्यानांपेक्षा पाकिटे पहिल्या पावसाआधी गावात पोचविणे अधिक उपयोगी पडेल. पुरेसा पाऊस होऊन वाफसा आला की पेरणीस थोडेच दिवस मिळतात, भाड्याचा ट्रॅक्टर दाराशी उभा असतो. अशा वेळी तालुक्यास जाऊन पाकीट आणणे ज्यास जमत नाही त्यास अज्ञानी ठरविणे हा सरळ अन्याय होय, असे मला वाटते.

मात्र पद्धतीकडून भलत्या अपेक्षा करू नयेत. बाण कोठून कोठे जातो हे संगणक सांगत नाही. ते संशोधकाने आपल्या ज्ञानाने ठरवावयाचे असते. राइट यांनीही हे आपल्या टीकाकारांस स्पष्ट केले होते. आपण काढलेल्या चित्रावरून जे सहसंबंध यावयास हवेत ते प्रत्यक्ष माहितीशी कितपत जुळतात, एवढेच पडताळून मिळते. आणि एकाच माहितीशी दोन उलट चित्रेही तितकीच जुळू शकतात. मत चांगले म्हणून बीजप्रक्रिया केली, की बीजप्रक्रिया करून गाठी चांगल्या दिसल्या म्हणून मत चांगले झाले? एकाच दिवशी भरलेल्या पत्रकावरून ह्याचा निवाडा होणे कठीण. शिवाय अशा अभ्यासास सामान्यतः दोनशेच्या आसपास तरी शेतकरी घ्यावे लागतात. तीस-चाळीस पत्रकांवर काढलेल्या गुणांकांवर विसंबू नये.

सर्वांत मोठा धोका पत्रक भरण्यातच असतो. पारावर चारचौघांत प्रश्न विचारला की पहिल्याने जे सांगितले तेच पुढचे सर्व सांगतात, आणि मग शेजाऱ्यांच्या मताचा गुणांक विनाकारण फुगतो. साहेबांस बरे वाटावे म्हणून “करतो की” असे म्हणणारेही असतात. तेव्हा शक्यतो घरी किंवा शेतावर, एकेकट्यास गाठावे. प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचावा. काही प्रश्न मुद्दाम उलट अर्थाचे घातलेले असतात, ते “सुधारून” घेऊ नयेत. शेतकऱ्याने उत्तर दिले नाही तर जागा कोरी ठेवावी, तेथे मधला तीन हा आकडा टाकू नये. कोरी जागा हिशेबात धरण्याच्या रीती आहेत. मनाने घातलेला आकडा मात्र कोणत्याही रीतीने ओळखू येईलच असे नाही.

इराद्याचे प्रश्न मृगापूर्वी विचारले असतील तर पेरणीनंतर पंधरा दिवसांच्या आत त्याच शेतकऱ्याकडे पुन्हा जावे आणि प्रक्रिया प्रत्यक्ष केली किंवा नाही, नसल्यास कशामुळे राहिली, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शक्य असेल तेथे रिकामे पाकीट पाहावे व पेरणीची तारीख पत्रकावर नोंदवावी.