उंचीचा साठा : नगराचा जलकुंभ

मुंबईची हद्द दहिसर येथे संपते आणि तिला लागूनच मिरा-भाईंदरची वस्ती सुरू होते. या सीमेवर पेणकरपाडा वसलेला आहे. नावातील ‘पाडा’ हा शब्द मूळच्या लहान वस्तीची खूण सांगतो. आज मात्र तेथे चाळी, बैठी घरे आणि बहुमजली इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. १२ जून १९८५ रोजी मिरा-भाईंदर नगरपालिका स्थापन झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. एवढ्या वस्तीला रोज पाणी पुरवावयाचे तर पाण्याच्या साठ्याइतकाच आणखी एका गोष्टीचा साठा लागतो. ती गोष्ट म्हणजे उंची. शहरोशहरी दिसणाऱ्या उंच जलकुंभाचे सारे रहस्य या एका शब्दात आहे.

दाब कोठून येतो?

नळाची तोटी उघडली की पाणी जोराने बाहेर येते. त्या जोराला दाब म्हणतात. स्थिर पाण्याचा दाब त्याच्या पातळीच्या उंचीवर अवलंबून असतो. टाकीत किती लिटर पाणी आहे यावर नव्हे. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम दाब देतो. मग तो स्तंभ बोटभर रुंदीच्या नळीतील असो वा तलावातील असो. टाकीतील पाण्याची पातळी जमिनीपासून वीस मीटर उंच असेल, तर तिच्या पायथ्याशी हाच दाब दोन किलोग्रॅम भरतो.

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. एका उंच डब्याला एकाखाली एक अशी तीन छिद्रे पाडून डबा पाण्याने भरावा व उंच स्टुलावर काठाशी ठेवावा. सर्वांत खालच्या छिद्रातून निघणारी धार सर्वाधिक जोराची असते, कारण तिच्यावर पाण्याची उंची अधिक असते. डबा रिकामा होऊ लागला की तिन्ही धारा मंदावतात. जलकुंभ अर्धा रिता झाल्यावर वरच्या मजल्याचे नळ प्रथम का थांबतात, याचे उत्तर मुलांना येथेच मिळते.

प्रत्यक्ष वितरणात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. पाणी वाहू लागले की नळाच्या भिंतींशी होणाऱ्या घर्षणामुळे काही दाब खर्ची पडतो. नळ जितका लांब, अरुंद व गंजलेला, तितकी ही घट मोठी. म्हणून टाकीच्या पायथ्याशी असलेला दाब शेवटच्या घरापर्यंत तसाच पोहोचत नाही. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने वितरण वाहिनीत एकमजली घरांसाठी किमान ७ मीटर, दुमजली घरांसाठी १२ मीटर आणि तीन मजली घरांसाठी १७ मीटर शिल्लक दाब सुचविला होता. जलकुंभाची उंची ठरविताना अभियंता या शिल्लक दाबात वाटेतील घट मिळवितो आणि जमिनीच्या चढउताराचा हिशेब करतो.

टेकडी असेल तर टेकडी, नसेल तर मनोरा

उंचीचा हा उपयोग आपल्याकडे नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावाचे पाणी भूमिगत नळाने पुणे शहरातील हौदांत आणण्यात आले. कात्रज शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे ते पाणी आपल्या उतारानेच येत असे. आदिलशाहीच्या विजापुरात बेगम तलावाचे (१६५१) पाणी शहरात नेणाऱ्या मार्गावर दगडी मनोरे बांधलेले आहेत. नळांवरील जादा दाब तेथे कमी होई आणि गाळ खाली बसे.

आधुनिक नगररचनेनेही प्रथम निसर्गदत्त उंचीच वापरली. मुंबईत मलबार टेकडीवर व भंडारवाडा टेकडीवर जलाशय बांधण्यात आले. मलबार टेकडीवरील प्रसिद्ध उद्यान अशा जलाशयाच्या छतावरच आहे. जेथे टेकडी नाही तेथे मात्र उंची बांधावी लागते. सपाट कोलकात्यात १९०९ ते १९११ या काळात उभारलेली टाला येथील पोलादी टाकी हे याचे ठळक उदाहरण होय. तिची क्षमता ९० लक्ष गॅलन असून ती सुमारे ११० फूट उंचीवर उभी आहे.

मिरा-भाईंदरच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगररांगा आहेत. उत्तरेस वसईची खाडी व पश्चिमेस समुद्र आहे. मधला व पश्चिमेचा बराचसा प्रदेश सखल असून तेथे मिठागरे आहेत. शहराच्या हद्दीत एवढ्या वस्तीला पुरेल असा स्वतःचा जलस्रोत नाही. उल्हास नदीच्या खोऱ्यातील पाणी स्टेम प्राधिकरण आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांच्या योजनांद्वारे शहराला मिळत आले आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या प्रादेशिक योजनेची आखणी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची असून त्यांतील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी व २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरसाठी राखलेले आहे. दूरवरून आलेले हे पाणी सखल भागातील घरोघरी दाबाने पोहोचवावयाचे तर ते पुन्हा उंचीवर चढविणे अपरिहार्य ठरते.

चोवीस तासांचे पाणी, तीन तासांची गर्दी

दाबाइतकेच महत्त्वाचे दुसरे काम जलकुंभ करतो. पंप दिवसभर सारख्या गतीने चालतो. माणसे मात्र सारख्या गतीने पाणी वापरीत नाहीत. पहाटेपासून शाळा-कचेरीच्या वेळेपर्यंत मागणी उसळते, दुपारी उतरते, संध्याकाळी पुन्हा चढते आणि रात्री जवळजवळ थांबते.

उदाहरणासाठी १२,००० लोकवस्तीचा एक विभाग घेऊ. दरडोई दररोज १३५ लिटर धरल्यास दिवसाची गरज १६,२०,००० लिटर होते. हे पाणी चोवीस तासांत सारखे चढविले तर ताशी ६७,५०० लिटर क्षमतेचा पंप पुरतो. आता समजा, दिवसाच्या पाण्यापैकी ४० टक्के पाणी सकाळच्या तीन तासांतच लागते. म्हणजे ६,४८,००० लिटर. त्या तीन तासांत पंप केवळ २,०२,५०० लिटर देईल. उरलेले ४,४५,५०० लिटर आधीच साठवून ठेवलेले असले पाहिजे. जलकुंभ रात्री भरतो व सकाळी देतो, तो असा. जलकुंभ नसता तर गर्दीच्या वेळेसाठी दुपटीहून मोठे पंप, त्यांना साजेसे नळ आणि तेवढा वीजभार घ्यावा लागला असता व दिवसाचा बराच काळ ती यंत्रसामग्री निम्म्या कामावर राहिली असती.

वीजपुरवठा खंडित झाला तरी टाकीतील पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहत राहते. आग लागली असता प्रारंभीचा महत्त्वाचा काळही हाच साठा सांभाळतो.

टाकीची रचना

एक हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते. दहा लक्ष लिटरच्या टाकीत म्हणजे एक हजार टन पाणी असते व हा भार खांब, तुळया आणि पाया यांना अहोरात्र पेलावा लागतो. मोठ्या टाक्यांचा तळ अनेकदा मध्ये घुमटासारखा व कडेला उलट्या शंकूसारखा असतो. घुमटाचा बाहेर जाणारा रेटा व शंकूचा आत येणारा रेटा परस्परांना तोलून धरतात. जर्मन अभियंता ओटो इंट्झे (१८४३–१९०४) यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. टाकी खोल व अरुंद न ठेवता पसरट ठेवण्याकडे कल असतो, कारण पसरट टाकीत बरेच पाणी खर्च होऊनही पातळी थोडीच उतरते व दाब फारसा बदलत नाही.

पाणी आणणारा नळ, वितरणाचा नळ, जादा पाणी बाहेर सोडणारा नळ आणि तळ धुण्यासाठी निचऱ्याचा नळ असे चार नळ टाकीस असतात. वितरणाच्या नळाचे तोंड तळापासून किंचित वर ठेवतात, म्हणजे खाली बसलेला गाळ घरांत जात नाही. हवा खेळण्यासाठी जाळीची झरोके, झाकणबंद प्रवेशद्वार, पातळीदर्शक आणि वीजवाहक हेही तितकेच आवश्यक.

या भाराचा विसर पडल्यास काय होते, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड परिसरातील भोसरी येथे दिसले. कामगार वसाहतीतील पाण्याची टाकी कोसळून तेथे कामगारांचे प्राण गेले. टाकी लहान असो वा मोठी, तिचा आराखडा जाणकाराकडून करून घेणे व जुन्या टाकीची संरचनात्मक तपासणी वेळेवर करणे हा जीविताचा प्रश्न आहे.

शेवटच्या घराचा न्याय

जलकुंभ पाणी निर्माण करीत नाही. खालून पुरेसे पाणी चढले नाही तर तो अर्धवट भरतो आणि उंची असूनही दाब मिळत नाही. अशा वेळी पुरवठा ठरावीक तासांचा होतो. व्हॉल्व्ह उघडताच टाकीजवळची घरे भरून घेतात व वाहिनीच्या शेपटाकडील घरांत धार बारीक होते. मग इमारती तळाशी टाकी, वर पंप आणि गच्चीवर दुसरी टाकी बांधतात. म्हणजे सार्वजनिक जलकुंभाचे काम प्रत्येक इमारत स्वतःच्या खर्चाने पुन्हा करते. बैठ्या घरांना व चाळींना हा उपाय सहसा परवडत नाही. पेणकरपाड्यासारख्या मिश्र वस्तीत दाब कमी पडला तर त्याची झळ प्रथम त्यांना लागते.

काही जण थेट वितरण वाहिनीवर विजेची मोटर लावतात. ही केवळ शेजाऱ्याच्या वाट्याची ओढ नव्हे. मोटरीच्या ओढीने वाहिनीतील दाब शून्याखाली जाऊ शकतो व फुटक्या सांध्यांतून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत शिरते. एका घराच्या मोटरीने साऱ्या गल्लीचे आरोग्य धोक्यात येते.

यावरील उपाय परिचित आहेत. प्रत्येक जलकुंभासाठी वितरणाचा विभाग निश्चित असावा व एका विभागाचे पाणी दुसऱ्यात वळवू नये. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी टाकीची पातळी नोंदवावी. विभागात गेलेले पाणी व मीटरवर मोजलेले पाणी यांचा ताळा दरमहा घ्यावा, म्हणजे गळती व अनधिकृत जोडण्या उघड होतात. टाकी ठरलेल्या मुदतीने धुवावी व तारीख तिच्यावर रंगवावी. दाब आणि शिल्लक क्लोरीन टाकीच्या पायथ्याशी न तपासता शेवटच्या घराच्या नळावर तपासावे. तेथे क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम आढळले पाहिजे.

हे साध्य होऊ शकते, हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरने दाखवून दिले आहे. तेथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने मीटर व वापरानुसार वाढत जाणारे दर यांच्या आधारे चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना राबविण्यात आली. नळाला केव्हाही पाणी आहे असा विश्वास बसला की घरात साठा करण्याची व शिळे पाणी ओतून देण्याची सवय सुटते.

ग्रामपंचायतीची पन्नास हजार लिटरची टाकी असो वा महानगराची दहा लक्ष लिटरची, तत्त्व एकच आहे. सर्वांच्या खर्चाने एकदा वर चढविलेले पाणी सर्वांना सारख्या दाबाने खाली मिळावे, यासाठी ती उंची बांधलेली असते. ती उद्देशाप्रमाणे वापरली जाते की नाही, हे वाहिनीच्या टोकाशी असलेल्या घराचा नळ सकाळी आठ वाजता उघडून पाहिल्यास कोणत्याही पंचायत सदस्याला कळेल.