पिसू कुत्र्यावर कमी, घरात जास्त

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एक ताई चार वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. मुलीच्या घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत लाल पुरळ आणि खाजवून झालेल्या जखमा होत्या. खरजेचे मलम महिनाभर लावून झाले होते. “घरात कुत्रं आहे का?” मी विचारले. त्या म्हणाल्या, “होतं, सिस्टर. पिसवा झाल्या म्हणून ह्यांनी फवारणीचं औषध पाण्यात कालवून चोळलं. दोन दिवसांत पिल्लू गेलं. पिसवा आहेत तशाच आहेत.”

पिसवा का गेल्या नाहीत, हे माता-भगिनींनी नीट समजून घ्यावे. जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा एकूण पिसवांच्या साधारण ५ टक्केच असतात. बाकीची अंडी, अळ्या आणि कोष घरातच असतात. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती अंगावरून गळून गोधडीत, फरशीच्या फटीत, खाटेखाली पडतात. अळी अंधारात आणि ओलाव्यात वाढते, मग कोष करते. कोषावर औषधही सहसा चालत नाही. आतली पिसू काही आठवडे, कधी काही महिनेही थांबते आणि पावलांचा हादरा किंवा अंगाची ऊब जाणवली की बाहेर येते. म्हणून बंद घर उघडले की पिसवा एकदम पायांवर चढतात. कुत्रे नसेल, तर त्या माणसालाच चावतात.

ओळख कशी पटवावी? कुत्र्याच्या केसांतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापडावर झटका. लालसर डाग पडला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त.

घरात काय करावे?
१. रोज खाटेखाली, कोपऱ्यांत, फटींत झाडा. केर दारात टाकू नका; पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका.
२. कुत्र्या-मांजराचे अंथरूण आणि घरातल्या चादरी आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा. गोधड्या, सतरंज्या कडक उन्हात टाका. कोरड्या हवेत अळी जगत नाही.
३. जमिनीच्या भेगा बुजवा, ओल घालवा.
४. रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचे पाणी ठेवून वर दिवा लावा. उजेडाकडे उडी मारणाऱ्या पिसवा त्यात बुडतात. साध्या पाण्यावर त्या तरंगू शकतात, म्हणून साबण हवाच.

जनावरासाठी काय करावे? उवांच्या बारीक फणीने रोज केस विंचरा, विशेषतः मान आणि शेपटीचे मूळ. फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. कुत्र्याला अंघोळ घालताना आधी मानेभोवती फेसाचे कडे करा, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळणार नाहीत. मांजराला विंचरणेच बरे.

हे सगळे किमान दीड-दोन महिने चालू ठेवा. आठ दिवसांनी नव्या पिसवा दिसल्या तर उपाय फसला असे नाही. जुने कोष फुटत आहेत.

काय करू नये? रॉकेल, फिनेल, शेतीचे कीटकनाशक जनावराच्या अंगाला कधीही लावू नका. जनावर अंग चाटते आणि मुले त्यालाच बिलगतात. “नैसर्गिक” म्हणजे निर्धोक असेही नाही. कापूर, निलगिरीचे तेल आणि लसूण यांनी कुत्र्या-मांजरांना विषबाधा होऊ शकते. कडुलिंबाच्या पाल्यावरच भिस्त ठेवून झाडणे-धुणे सोडू नका. कुत्र्याचे औषध मांजराला लावू नका; काही औषधांनी मांजर दगावते.

पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, ते मलूल झाले, तर रक्त कमी झाले असेल; लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. शेपटीखाली तांदळासारखे कण दिसले तर तो पिसवांतून येणारा पट्टकृमी असू शकतो. मुलांच्या चाव्यांवर साबण-पाणी आणि थंड पट्टी पुरते. नखे कापा. पू झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

सावित्रीमाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेग उंदरावरची पिसू पसरवते, हे तोवर सिद्ध झाले नव्हते. पुढच्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून ते दाखवले. कुत्र्या-मांजरावरची पिसू सहसा वेगळ्या जातीची असते, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र वस्तीत एकाएकी उंदीर मरू लागले तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात.

त्या ताईंनी दीड महिना झाडले, धुतले, वाळवले. मुलीचे पाय बरे झाले. “घाणेरडी माणसं, म्हणून पिसवा” असे कोणी म्हणाले तर खाली मान घालू नका. पिसू बंगल्यातही होते. आपल्याला जे आता माहीत आहे, ते शेजारच्या घरीही सांगा, म्हणजे दुसरे पिल्लू फवारणीच्या औषधाने मरणार नाही.