करंट मिररचा इनपुट इम्पीडन्स : एक अभ्यास

१९४२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. ते शिक्षण सार्थ करायचे, तर आपल्या मुलांनी परिपथाची आकृती पाठ करून थांबू नये. तिची कारणमीमांसा करावी. एक उदाहरण पाहू.

‘करंट मिरर’मध्ये दोन एकसारखे ट्रान्झिस्टर असतात. त्यांचे बेस परस्परांस आणि एमिटर परस्परांस जोडतात. पहिल्याचा बेस त्याच्याच कलेक्टरला जोडला, की त्यातील विद्युतधारेची जवळजवळ तंतोतंत प्रतिकृती दुसऱ्यातून वाहते.

पहिल्या ट्रान्झिस्टरचा इनपुट इम्पीडन्स म्हणजे सामान्य तापमानाला सुमारे २६ मिलिव्होल्ट भागिले धारा. धारा १ मिलिअँपिअर असता तो २६ ओहम, तर १० मायक्रोअँपिअर असता २,६०० ओहम होतो. इनपुटपाशी १०० पिकोफॅरड धारिता असेल, तर प्रतिसादाचा कालांक २,६०० ओहमला २६० नॅनोसेकंद आणि २६ ओहमला केवळ २.६ नॅनोसेकंद येतो. म्हणजे संकेत जितका क्षीण, तितका आरसा मंद.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, संकेतासोबत १ मिलिअँपिअरची स्थिर धारा सोडावी व आउटपुटला तेवढीच वजा करावी. इम्पीडन्स शंभरपट घटतो. मात्र दोन ट्रान्झिस्टरांत एक टक्का तफावत असली, तरी १० मायक्रोअँपिअरची चूक येते, म्हणजे मूळ संकेताएवढीच! दुसरा उपाय, बेस कलेक्टरला थेट न जोडता मध्ये अॅम्प्लिफायर ठेवून ऋण प्रतिपुष्टी द्यावी. त्याचा गेन ५० असल्यास २६ ओहमचा सुमारे अर्धा ओहम होतो. परंतु प्रतिपुष्टीच्या फेऱ्यात विलंब वाढला, तर परिपथ स्वतःच आंदोलू लागतो.

याचा पडताळा साध्या परिपथावर घेता येतो. धारा ०.९ वरून १.१ मिलिअँपिअर करावी. इनपुटचे विभवांतर सुमारे ५.२ मिलिव्होल्टने वाढेल. त्यास ०.२ मिलिअँपिअरने भागले, की २६ ओहम मिळतात. ट्रान्झिस्टरला बोट मात्र लावू नये; एका अंश उष्णतेनेही विभवांतर सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते व उत्तर बिघडते.

केवळ परंपरेने वा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पुस्तकातील २६ ओहमही आपल्या मुलांनी स्वतःच्या हाताने मोजून मगच मान्य करावेत.