भिंतीवरील नावे आणि दाविदाचे शूर

वाचकहो, मुंबईच्या कुलाब्यातील 'अफगाण चर्च' आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. सिंध व अफगाणिस्तानच्या १८३८ ते १८४३ या काळातील मोहिमांत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले गेले व १८५८ साली त्याचे समर्पण झाले. तेथील लेख लक्षपूर्वक वाचावा. अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर आहेत. साध्या शिपायांची मात्र, ती फारच असल्यामुळे, कोरलेली नाहीत असे तो लेखच सांगतो.

ज्यांची नावे आहेत त्यांचा माग हुद्दा व पलटण यांवरून काढता येतो. कंपनी सरकारच्या काळातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. परंतु नाव जुळले म्हणजे मनुष्य सापडला, असे समजू नये.

आता २ शमुवेल २३ उघडा. दाविदाच्या शूरांमध्ये अहीथोफेलाचा पुत्र अलीयाम आहे (२३:३४). बथशेबेचा पिताही अलीयामच (११:३). दोघे एकच असतील, तर अहीथोफेल तिचा आजोबा ठरतो, आणि अबशालोमाच्या बंडात तो दाविदावर का उलटला हे उमगू लागते. शास्त्र मात्र तसे स्पष्ट म्हणत नाही; १ इतिहास ११ मधील यादीत तर अलीयाम नाहीच.

उरीयाविषयी असा संशय उरत नाही. दोन्ही ठिकाणी तो 'हित्ती' आहे. दाविदाने त्याला तुंबळ लढाईच्या तोंडी देऊन मारविले. राजाला लाजविणारे हे नाव गाळणे लेखकाला सहज शक्य होते. त्याने ते सर्वांत शेवटी लिहिले, आणि मग एकंदर ३७ अशी गणती केली.