प्रश्नचिन्हं सेव्ह होण्याआधी

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या सोसायट्यांच्या सभासद याद्या, नोटिसा, पावत्या यांचं मराठी काम मी करतो. बिघडलेली फाइल घेऊन कुणी आलं की मी जे सांगतो, ते असं.

१. आधी बिघाड कुठला ते पाहा. नावांच्या जागी डोक्यावर रेघ असलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं दिसत असतील, तर मजकूर बहुधा शाबूत असतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपीय भाषांची सारणी त्यातला प्रत्येक बाइट सुटा वाचते, म्हणून ‘वसई’ची नऊ चिन्हं होतात. फाइल सेव्ह न करता बंद करा. मग एक्सेलच्या ‘डेटा’मधून ती आणताना ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ निवडा.

२. प्रश्नचिन्हं सेव्ह झाली असतील, तर मूळ प्रत शोधा. जुन्या प्रोग्रामनं मजकूर सिस्टिम लोकेलच्या (विंडोजमध्ये अशा प्रोग्रामसाठी निवडलेल्या भाषेच्या) सारणीत बसवला, तिथे देवनागरीला जागा नव्हती आणि प्रत्येक अक्षराऐवजी प्रश्नचिन्हच लिहिलं गेलं. त्यातून माणसाचं नाव परत येत नाही.

३. लोकेल मराठी करून जुना प्रोग्राम सुधारत नाही. रशियनला १२५१, ग्रीकला १२५३ अशा जुन्या सारण्या विंडोजमध्ये आहेत. मराठीला एकही नाही. विंडोज १० मध्ये लोकेल बदलण्याच्या ठिकाणीच यूटीएफ-८ चा ‘बीटा’ पर्याय आला, पण तो सगळ्या मशीनला लागू होतो. हिशेबाचा एकच संगणक असेल तर त्यावर तो प्रयोग नको.

४. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि प्रत्येक लेटरहेडवरचं ‘जि. ठाणे’ बदलायची वेळ आली. जुन्या फाइलींमध्ये ‘ठाणे’ शोधलं, तर एकही सापडेना. डोळ्यांसमोर तर पानभर ‘ठाणे’ होतं! त्या फाइली कृतिदेवसारख्या फाँटमध्ये होत्या; त्यात दिसतं ‘क’ आणि आत असतो इंग्रजी ‘डी’. युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द तिथे सापडणार कसा? अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. त्यापूर्वी ईमेल आणि इंग्रजी नावं बाजूला काढा, नाहीतर कन्व्हर्टर त्यांचीही देवनागरी करून टाकतो. नंतर रफार आणि ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. हे काम वेळखाऊ आहे, तरी करून घ्याच. वीस वर्षांची इतिवृत्तं त्यात आहेत.

५. सोसायटीसाठी नवं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्यासमोरच ‘कुऱ्हाडे’ आणि ‘धुळप’ ही आडनावं टाका. यादी सीएसव्हीत काढा, दुसऱ्या संगणकावर उघडा, पुन्हा आत घ्या. दोन्ही नावं जशीच्या तशी आली, तरच चेक लिहा.